फटी बुजवणारा सुतार

एलिसेओ मला पहिल्यांदा भेटला तो चिखलात. म्हणजे चिखलात मी होते. तो वर कोरड्या बांधावर उभा राहून हसत होता. आजोबांचं सफरचंदांचा रस काढायचं जुनं यंत्र मामाच्या बैलगाडीवरून घसरलं होतं आणि त्याचं लाकडी मळसूत्र पोटाशी धरून मी बसले होते.

“होडी बुडाली वाटतं,” तो म्हणाला.

“हसून झालं असेल तर हात लाव.”

त्यानं हात लावला... आणि मग रोज दुपारी आमच्या अंगणात येऊ लागला. आमच्या लेमुय बेटावर त्याच्या हाताच्या होड्या प्रसिद्ध. यंत्राच्या कुजलेल्या पट्ट्या त्यानं बदलल्या, मळसूत्राला चरबी चोळली. माझ्याकडे बघता बघता त्याचा रंधा थांबायचा, पण बोलायचं नाव नाही! तो सोमवारच्या बोटीनं मोठ्या बंदरात कायमचा कामाला जाणार, हेही मला मामाकडून कळलं.

रविवारी शेजारीपाजारी मदतीला आले. आमच्याकडे रस कुणी एकट्यानं काढत नाही. लांबट डोणीत चौघांनी काठ्यांनी सफरचंदं ठेचली, लगदा यंत्राच्या पेटीत भरला. मामानं मळसूत्र फिरवलं. सगळे पेले घेऊन उभे, आणि खाली एक थेंब नाही. मामानं आणखी जोर लावला, तशी वरूनच चिळकांडी उडून त्याच्या मिशा भिजल्या.

मी वाकून पाहिलं. पेटीची फट न् फट झाडाच्या सालीचा काथ्या ठोकून बुजवलेली, अगदी होडीच्या तळासारखी. होडीत पाणी शिरू नये हे ठीक, पण इथून रस बाहेर यायला हवा होता.

अंगणभर हशा पिकला. एलिसेओ कानापर्यंत लाल झाला. मी मुकाट्यानं काथ्या उपसायला बसले. तोही शेजारी बसला.

“हात सवयीनं चालले,” तो पुटपुटला. “माझं लक्ष नव्हतं.”

“कुठे होतं?”

तो खाली बघून काथ्या उपसत राहिला.

“तुझं हे असंच. फट दिसली की बुजव. आतलं काही बाहेर येऊच द्यायचं नाही.”

त्यानं काथ्याचा पिळा बोटाभोवती गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

“तुझ्याकडे होतं, नेलिदा. मला जायचं नाहीये... तू अडवशील म्हणून रोज वाट बघत होतो.”

“आणि मी, तू बोलशील म्हणून.” मी त्याच्या बोटावरचा पिळा काढून घेतला. “थांब ना.”

त्यानं होकारार्थी मान हलवली. इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

शेवटची फट मोकळी झाली आणि रसाची धार लागली. पहिला पेला घरच्यांचा असतो. मी अर्धा प्यायले, उरलेला सगळ्यांदेखत त्याच्या हातात दिला. मामानं ओल्या मिशा पुसत दुसरीकडे पाहिलं.

सोमवारी बोटीचा भोंगा वाजला तेव्हा आम्ही दोघं बाह्या सरसावून पेटी धूत होतो.