डाव्या डोळ्यामागे

सुनेत्रा चेरीतालच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची. जे मोजता येत नाही, ते तिच्या लेखी नव्हतंच. त्यामुळे अकरा वर्षांच्या ऋचाची सर्दी नवव्या दिवशी उलटली, ताप पुन्हा चढला आणि डावी पापणी सुजली, तेव्हा तिने दर दोन तासांनी ताप वहीत लिहायला घेतला.

"डोळे आले असतील," कामावर निघालेला तिचा नवरा केतन म्हणाला. "ड्रॉप टाक. काहून घाबरून राहिलीस?"

सकाळचं ऊन पलंगावर आलं होतं. ऋचाने कपाळ दाबून धरलं.

"आई, आत कोणीतरी खुर्ची सरकवून राहिलं."

"ठणकतंय का?"

"ठणकतंय ते वेगळं. खुर्ची वेगळी."

सुनेत्रा हसली नाही. तिने वाकून लेकीच्या तापलेल्या कपाळाला कान लावला. आधी काहीच नाही. मग फरशीवर लाकडी पाय घासत जावा तसा आवाज, नाकाच्या मुळापासून डोळ्यामागे. थांबला. पुन्हा सरकला, थोडा वर.

हे तिने वहीत लिहिलं नाही.

"माझ्या बोटाकडे बघ."

उजवा डोळा बोटाबरोबर वर गेला. डावा तिथेच राहिला.

"दोन बोटं दिसून राहिली," ऋचा पुटपुटली.

दवाखान्यात त्यांना रांगेत बसायला सांगितलं. सुनेत्रा बसली नाही. "हिचा डोळा फिरत नाही. स्कॅन आत्ता करा," ती मागच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात म्हणाली. सगळे वळून बघायला लागले. स्कॅन झाला.

सायनसमधला पू डोळ्यामागे साठला होता. तिथून मेंदू लांब नव्हता. दुपारच्या आत शस्त्रक्रिया झाली.

"मॅडम, और एक दिन रुकतीं तो आँख जाती," डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले. "शायद बच्ची भी. आपने पहचाना कैसे?"

"डोळा फिरत नव्हता." सुनेत्राने मान ताठ ठेवली. खोटं काहीच नव्हतं.

तीन आठवड्यांनी ऋचाने दवाखान्यातल्या तक्त्यावरची सगळ्यात बारीक ओळ नुसत्या डाव्या डोळ्याने घडाघडा वाचली. केतनने तिथूनच भावाला फोन लावला. "अरे, आमच्या मास्तरणीनं वाचवलं पोरीला!" सुनेत्राला ते ऐकून वर्गात पहिलं आल्यासारखं वाटलं.

परतताना मदन महल स्टेशनापाशी ऑटो गर्दीत अडकली. तिने ऋचाला जवळ घेतलं आणि हळूच विचारलं, "खुर्ची सरकत नाही ना आता?"

"नाही."

"शाब्बास."

ऋचा दोन्ही डोळ्यांनी बाहेर बघत होती.

"आता बसली ती खुर्चीवर," ऋचा म्हणाली.