मागच्या सीटचं गाऱ्हाणं

योगिनीला तो पहिल्यांदा दिसला तेव्हा तो आडवा होता. तीही आडवीच होती. मधे एकशे नव्वद किलोंची मोटारसायकल उभी होती, आणि देवळाच्या अंगणातल्या गार जांभ्यावर पाठ टेकून दोघं दोन बाजूंनी तिच्या पोटाखाली बघत होते.

"ऑइल गळतंय का?" पलीकडून विचारणा झाली.

"नाही."

"बरं." मग जरा थांबून — "गळायला हवं असतं का?"

योगिनीने मान वळवली. चष्मा, कपाळाला लाल माती, आणि अतिशय गंभीर डोळे. इतक्या गंभीरपणे काहीही न कळणारा माणूस तिने याआधी पाहिला नव्हता.

"तुम्ही गाडी बघायला आलात?" तिने विचारलं.

"हो. तुम्ही?"

"मीसुद्धा."

त्यानंतर दोघंही उठले नाहीत. आधी उठेल त्याचा हक्क जाईल, असं काहीतरी दोघांनाही वाटलं असावं.

"आता काय तिकडंच ऱ्हाताव?" वरून आवाज आला. काशीराम गुरव. जयगडच्या अलीकडच्या या गावात देवाची पूजा त्यांच्याकडे, आणि ही गाडी त्यांच्या मुलाची, समर्थची. समर्थने ती हिमालयात जायला घेतली होती. मग त्याला जहाजावर नोकरी लागली, आणि जहाजावरून हिमालयात जाता येत नाही हे त्याच्या उशिरा लक्षात आलं. काशीरामकाकांनी फोनवर दोघांनाही "गुरुवारी या" असं सांगितलं होतं. एका गाडीला दोन गिऱ्हाइकं आली याचा त्यांना मुळीच संकोच वाटत नव्हता.

"त्यात काय? देव कशाला हाय मग?"

या गावात बैल असो, होडी असो की आंब्याचं कलम, देवासमोर गाऱ्हाणं घातल्याशिवाय काही विकलं जात नसे. विकणाऱ्याने खोट सांगायची, घेणाऱ्याने गरज सांगायची, गुरवाने ते देवाच्या कानावर घालायचं. तिथे कोणी खोटं बोलत नसे. एकदा एकाने म्हैस लाथाळ आहे हे लपवलं होतं. ती दुसऱ्या दिवशी सहा किलोमीटर चालत परत आली आणि त्याला लाथ मारून पुन्हा नव्या मालकाकडे गेली. तेव्हापासून लोक सांभाळून होते.

"आदी सड्यावर फिरवून या," काका म्हणाले. "दोगांची गाडी हाय, तर दोगांनी बसून बगायची. मी मागं बसणार न्हाय. माजी कंबर देवाच्या कामाची हाय."

म्हणजे तिच्या मागे तो, नाहीतर त्याच्या मागे ती. योगिनीने चावी आधी घेतली.

तिला ही गाडी आजच हवी होती. सड्यावरची कातळशिल्पं लोकांना दाखवायचा धंदा ती सुरू करत होती, आणि रविवारी पुण्याहून दर्शनाताई येणार होत्या — एकसष्ट वर्षांच्या, भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. तीन दिवसांत सात कातळशिल्पं बघायची, योगिनीच्या मागे बसून. रिक्षा सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, चढत नाही, मोटारीचं पोट जांभ्याला घासतं, आणि योगिनीची स्कूटर मागच्या महिन्यात एका कातळात अशी अडकली होती की शिल्प बघायला आलेल्या लोकांनी आधी तिचे फोटो काढले. हे पहिलं बुकिंग हुकलं तर सोमवारपासून चिपळूणला मामाच्या टाइल्सच्या दुकानात उभं राहायचं, असं बाबांनी सांगून ठेवलं होतं. बाबांचं रत्नागिरीत साळवी स्टॉपला गॅरेज. गाडीतलं सगळं तिला त्यांनीच शिकवलं. शिकून ती काय करेल याचा विचार मात्र त्यांनी केला नव्हता.

चढाला सुट्टी खडी होती. पुढचं चाक वळवळायला लागलं.

"मागे झुकू नका," ती ओरडली.

"मग कुठे झुकू?"

"कुठेच नको. पोत्यासारखे बसा."

"तांदळाच्या की सिमेंटच्या?"

दात आवळून, पायाच्या पेगवर जरा उठून, तिने गाडी खडीतून काढली. मागचं चाक एकदा सरकलं… आणि सावरलं. मागे काहीच हललं नाही. बघते तर तो सीटमागचा रॅक घट्ट धरून, डोळे मिटून, खरोखर पोत्यासारखा बसला होता.

"मी तांदूळ धरला," वर पोचल्यावर तो म्हणाला.

सड्यावर गवत सोनेरी झालं होतं आणि खालून समुद्राचा वारा येत होता. त्याने तिचं नाव विचारलं आणि स्वतःचं सांगितलं: नितेश. हेदवीला दातांचा दवाखाना. योगिनीने स्प्रिंग बघितली, चेन बघितली, सीटखाली हात घालून मागची सगळी फ्रेम चाचपली. तो चेनच्या चक्राजवळ उकिडवा बसला.

"बाकीचं मला कळत नाही," तो म्हणाला, "पण दात उत्तम आहेत. एकही झिजलेला नाही."

तिला हसू आलं. ते तिने लगेच आवरलं.

"तुम्हाला कशाला हवी ही?" तिने विचारलं.

"माझं लग्न ठरलं होतं. लग्नानंतर दोघांनी स्पितीला जायचं होतं, म्हणून आम्ही यादी केली — मागची सीट लांब, तारांची चाकं, वजन पेलणारी फ्रेम. मग लग्न मोडलं." त्याने चष्मा पुसला. "यादी चांगली होती. ती कशाला मोडायची?"

"मग मागे कोण बसणार?"

"ते अजून ठरलेलं नाही. आधी सीट, मग माणूस."

तो हे तिच्याकडे बघून म्हणाला. नजर फार वेळ ठेवली नाही, पण हवी त्यापेक्षा एक क्षण जास्त ठेवली. तेवढ्यात तिने त्याला रविवारचं सांगून टाकलं, दर्शनाताईंसकट. का सांगितलं, कोण जाणे…

"मला एक सांगाल?" तो म्हणाला. "तुम्हाला गाड्या कळतात. तुम्ही म्हणाल ते मी मानीन. घेण्यासारखी आहे का?"

शत्रूने स्वतःची तलवार आपल्या हातात द्यावी आणि वर धार बघायला सांगावी, तसं झालं. खरं बोलायला एकच वाक्य लागलं असतं. गाडी उत्तम होती. इतकी उत्तम जुनी गाडी तिने आयुष्यात पाहिली नव्हती.

"मागची फ्रेम," योगिनी म्हणाली. तिचा आवाज तिलाच लांबून ऐकू आला. "सीटखाली तडा आहे. वेल्डिंग करून रंग मारलाय. एकटा माणूस चालेल. दोघं बसले की खडीवर कधीतरी तुटेल."

त्याने सीटवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाला, "वाचवलंत मला. आभारी आहे."

तिला वाटलं, संपलं. पण तो हलेना.

"म्हणजे तुम्हीही घेणार नाही," तो म्हणाला.

"मी… दुरुस्त करून घेईन."

"रविवारपर्यंत?"

"बाबांचं गॅरेज आहे."

"आत्ता तुम्हीच म्हणालात, वेल्डिंग केलेलंच आहे आणि तरी तुटेल. आणि त्यावर तुम्ही एकसष्ट वर्षांच्या बाई बसवणार?" तो रागावला नव्हता, काळजीने बोलत होता, ते जास्त वाईट होतं. "योगिनी, मी तुम्हाला ही गाडी घेऊ देणार नाही."

खाली येताना गाडी तिच्याच हातात होती. चालवून बघायला त्याने नकार दिला. रॅकला हात लावायलाही नकार दिला. फ्रेमवर भार नको म्हणून तो पुढे सरकून बसला आणि त्याने दोन्ही हात तिच्या खांद्यांवर ठेवले — अलगद, दुखऱ्या दाढेला हात लावावा तसे. वाटेत तिने पाच वेळा तोंड उघडलं. पाचही वेळा वारा आत गेला, बाहेर काही आलं नाही.

देवळाच्या ओट्यावर नेहमीची सहा-सात म्हातारी मंडळी बसली होती. त्यांना गाडीशी देणंघेणं नव्हतं. गाऱ्हाणं म्हटलं की साथ द्यायला ती असतातच. काशीरामकाकांनी नारळ ठेवला.

"माज्या बाजूची खोट: हॉर्न कदीकदी आपला आपण वाजतो. बाकी काय न्हाय. डाक्टर, तुमी बोला."

योगिनीला पुढचं सगळं दिसायला लागलं. तो तड्याचं बोलणार. काका म्हणणार, कुठला तडा? सीट काढणार…

"मला गाडी नको," नितेश म्हणाला. "पण ती यांनाही देऊ नका. कारण त्यांनीच सांगावं, मी तुमच्या मुलाच्या गाडीला नावं ठेवणार नाही. फक्त… ती तुटली आणि यांना काही झालं, तर मला चालणार नाही. मी यांना आज सकाळपासूनच ओळखतो. तरी चालणार नाही."

काकांनी हात जोडले आणि आवाज चढवला.

"बा देवा म्हाराजा! ह्यो हेदवीचा दातांचा डाक्टर तुज्या दारात हुबा हाय—"

"व्हय म्हाराजा," ओटा म्हणाला.

"ह्या पोरीच्या केसाला धक्का लागला तर ह्याच्या घशाखाली घास उतरायचा न्हाय, ह्याला झोप लागायची न्हाय—"

"व्हय म्हाराजा."

"मी झोपेचं काही बोललो नव्हतो," नितेश हळूच म्हणाला.

"ते धरलेलं असतंय," काका तितक्याच हळू म्हणाले, आणि योगिनीकडे वळले. "बोल पोरी. तुजी गरज सांग."

नारळ, समई, सात म्हातारे आणि तो. तो तर कान लाल होऊनही सरळ तिच्याकडे बघत होता. रविवार एका वाक्यावर आला होता. एवढंच म्हणायचं होतं: मला गाडी हवी.

"गाडीला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "फ्रेम तुटलेली नाही, वेल्डिंग नाही. मी खोटं बोलले, यांनी गाडी सोडावी म्हणून. गाडी यांना द्या."

काकांनी हे देवाला सांगायला तोंड उघडलं, आणि बहुधा तीस वर्षांत पहिल्यांदाच मिटलं. ओट्यावरच्या एका आजोबांनी तरीही सवयीने "व्हय म्हाराजा" म्हटलं. शेजारच्याने त्यांना कोपर मारलं.

नितेशने चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला.

"गाडी त्यांना द्या," तो काकांना म्हणाला. "त्यांचा रविवार ठरलेला आहे. माझं काहीच ठरलेलं नाही."

तिच्याकडे त्याने बघितलं नाही.

गाडी मिळाली. कागद मिळाले, चावी मिळाली, नारळाचं अर्धं भकलही मिळालं. योगिनीला इतकं वाईट याआधी कधीच वाटलं नव्हतं. आणि या सगळ्यात नितेशची जेट्टीकडे जाणारी एसटी निघून गेली होती.

"जेट्टीवर सोडते," ती म्हणाली.

"चालेल."

जयगडपर्यंत तो रॅक धरून बसला. फ्रेम मजबूत आहे हे आता त्याला कळलं होतं. खांद्यांवर काहीच नव्हतं, आणि ते काहीच नसणं तिला प्रत्येक वळणावर जड लागत होतं. मधेच हॉर्न आपला आपण वाजला.

खाडीपलीकडे तवसाळला जाणारी फेरीबोट उभी होती; हेदवी त्याच बाजूला. ऊन उतरलं होतं. तो खाली उतरला, तिकीट काढून आला.

"तुम्ही रागावलात," ती म्हणाली.

"हो."

"किती दिवस राहील?"

"सांगता येत नाही. मला सवय नाही. समोरच्याचं तोंड उघडं असताना रागावणं बरं दिसत नाही."

"मग गाडी का सोडलीत?"

"तुम्ही खरं बोललात, तेव्हा तिथे देव होता आणि दहा माणसं होती. खोटं बोललात तेव्हा मी एकटा होतो." त्याने चष्मा चढवला. "मला एकट्याला खरं ऐकायचंय. जमलं तर."

बोटीचा भोंगा वाजला. एक टेम्पो चढला. दोन स्कूटरी चढल्या.

"सड्यावर बोलले ते गाडीसाठी," योगिनी म्हणाली. हँडल तिने इतकं घट्ट धरलं होतं की बोटं पांढरी पडली. "पण उतरताना… उतरताना मी सांगणार होते. पाच वेळा. सांगितलं असतं तर तुम्ही रॅक धरला असता, आणि खांद्यांवरचे हात काढले असते. म्हणून नाही सांगितलं. ते खोटं गाडीसाठी नव्हतं."

त्याच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. दातांच्या डॉक्टरला ते शिकवत असावेत. त्याने मान डोलवली, वळला, आणि बोटीवर चढून गेला.

योगिनी तिथेच उभी राहिली. तिचा रस्ता मागे होता: मालगुंड, आरे-वारे, रत्नागिरी. किल्ली फिरवायची आणि निघायचं.

बोटीवर नितेश रेलिंगपाशी गेला. मधल्या जागेत कोणाच्यातरी सुक्या मासळीच्या दोन टोपल्या होत्या. त्याने एक उचलून कडेला ठेवली. दुसरी उचलली, तीही कडेला ठेवली. मग मोकळ्या झालेल्या जागेच्या बाजूला, हात मागे बांधून, तो उभा राहिला. जागा नेमकी एका मोटारसायकलीची होती.

"ओ ताई," खलाशी ओरडला, "येतायसा का? फळी वर घेतो."

उतार शेवाळलेला होता. तिने पहिला गिअर टाकला, श्वास धरला, आणि नव्वद टक्के घसरत, दहा टक्के चालवत गाडी आत आणली. फळी तिच्या मागे करकरत वर आली.

तिकिटवाला वही घेऊन आला. "ह्या गाडीचं तिकीट?"

"माझं एकट्याचं काढलं होतं, ते राहू द्या," नितेश म्हणाला. त्याचे कान पुन्हा लाल झाले होते. "नवीन करा. गाडी एक, माणसं दोन."