छातीवरच्या खिशाची खूण

पेटीत सोमनाथचा निळा शर्ट नव्हता!

सुरेखानं दोनदा पेटी उपसली. लग्नातला शालू, रूपाचं बाळपणीचं झबलं, सोमनाथचं कंपनीचं ओळखपत्र... सगळं फरशीवर आलं, पण नवऱ्यामागं एकवीस वर्षं डांबरगोळ्या घालून जपलेला तो कंपनीचा शर्ट काही सापडेना. सापडली ती एक चिठ्ठी, रूपाच्या अक्षरातली. 'आई ये. नाटक शनिवार पाच. शर्ट मी घेणे.'

अठ्ठावीस वर्षांची पोर, आणि चार शब्द लिहायचे तर असे तुटके! सुरेखाला आधी राग आला आणि मग रडू आलं. आई कामावर गेलेली बघून पोरगी आपल्याच घरात येते, कुलूप उघडून बापाचा शर्ट नेते, आणि आईचं तोंड बघायला थांबत नाही! चार वर्षं झाली, रूपा वाळूजचं हे घर सोडून शहरात आपल्या बहिऱ्या मैत्रिणींबरोबर राहत होती, त्यांच्याबरोबर नाटकं करत होती. दिवाळीला यायची, खाली मान घालून जेवायची आणि निघून जायची. बोलणार तरी कसं? लेकीला ऐकू येत नव्हतं, आणि आईला लेकीची हातांची भाषा येत नव्हती... निदान रूपाची तरी तशीच समजूत होती.

काय केलं नव्हतं सुरेखानं या लेकरासाठी! सोमनाथ कंपनीतच छातीत कळ येऊन गेला, तेव्हा रूपा सात वर्षांची होती. सिल्लोडचा भाऊ म्हणाला, "आक्का, पोरीला आश्रमात ठिव आन् दुसरं घर कर." सुरेखानं त्याला उंबऱ्यातूनच परत पाठवलं. नवऱ्याच्या जागी ती कंपनीत पॅकिंगला लागली, बारा बारा तास उभी राहिली, आणि उरलेला सगळा जीव एकाच गोष्टीत ओतला... रूपानं बोललं पाहिजे!

बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी नियमच घालून दिला होता. "हातवाऱ्यांची सवय लागली की बोलणं येत नसतं. तिच्या खुणा तुम्हाला कळल्या तरी कळल्या नाहीत असं दाखवायचं. पाणी हवं असेल तर तोंडानं मागू दे. हात फारच चालले तर बांधा." आणि सुरेखा ते करत गेली! जुन्या पातळाची मऊ पट्टी फाडून तिनं त्या इवल्या मनगटांना बांधली, घट्ट नको आणि सैल नको अशी, आणि स्वतः आत जाऊन पदर तोंडात कोंबून रडली.

शनिवारी सुट्टी टाकून ती बाबा पेट्रोल पंपाच्या थांब्यावर बसमधून उतरली, विचारत विचारत सभागृहात पोचली. दारात एका हसऱ्या मुलीनं तिचा हात धरला.

"तुम्ही रूपाच्या आई ना? मी मंतशा. माझे अम्मी-अब्बू दोघंबी बहिरे आहेत, म्हणून मला ही भाषा येती. नाटक सगळं हातांनी आहे मावशी. मी तुमच्याशेजारी बसून सांगते."

"रूपानं बसवलं तुला माझ्याजवळ?" सुरेखानं अधीरपणे विचारलं.

"व्हय. ती म्हणली, आईला एक शब्दबी चुकू देऊ नको."

रंगमंचावर एका खुंटीला सोमनाथचा शर्ट टांगला होता. त्याच्याखाली रूपा, दोन वेण्या घालून, लहान मुलगी होऊन बसली होती. समोर आईचं काम करणारी मुलगी उभी होती, तिनं डोळ्यांवरून ओढणी घेतलेली, फक्त ओठ तेवढे उघडे, आणि ते ओठ सारखे हलत होते... हलत होते! छोटी रूपा अंगठा तोंडाकडे नेऊन पाणी मागत होती. पाण्याचा पेला तिच्यासमोर धरला जाई आणि मागं घेतला जाई. शेवटी तिच्या घशातून जोर लावून आवाज निघाला, "आ...ई!" आणि लगेच पेला तिच्या हातात आला.

सुरेखानं ओळखलं. हाच तो दिवस! लेक पहिल्यांदा आई म्हणाली, म्हणून तिनं सगळ्या गल्लीत पेढे वाटले होते!

मंतशा थबकली. "सांगू मावशी?"

"सांग."

"ती म्हणतीय, मला वाटायचं हा आवाज काढला की पाणी मिळतं. आई म्हणजे पाणी. चौदाव्या वर्षी बहिऱ्या मुलींच्या वसतिगृहात मला पहिल्यांदा भाषा मिळाली, तेव्हा मला कळलं की आई म्हणजे माणूस असतं."

आयुष्यभर ज्या एका हाकेवर सुरेखा जगली होती, ती हाक तिची नव्हतीच! तिनं खुर्चीची कड घट्ट धरली. पण पुढचं तर याहून वाईट होतं.

आता रंगमंचावर कोपऱ्यावरचा बस-थांबा होता. पहिली पाळी सुटली की कंपनीची बस चार वाजता यायची, तो थांबा. बसमधून माणसं उतरत होती, आणि छोटी रूपा प्रत्येकाच्या छातीकडे दोन बोटं नेऊन विचारत होती. दोन बोटं, छातीवरच्या खिशात... ती खूण बघताच सुरेखानं नजर खाली घातली.

"ही तिनं स्वतः बनवलेली खूण," मंतशा हळूच सांगू लागली. "म्हणजे वडील. ते गेले तेव्हा लेकरू घाबरंल म्हणून तिला सिल्लोडला धाडलं होतं. परत आली तर वडील नाहीत, आणि भिंतीवर हार घातलेला फोटो! फोटोला हार का घालतात, ते तिला कोणीच सांगितलं नाही. तिला वाटलं, मला बोलता येत नाही म्हणून ते रागावून गेले. दोन वर्षं ती रोज थांब्यावर उभी राहिली. आणि एक दिवस..." मंतशानं सुरेखाचा हात धरला. "तिला एकच शब्द येत होता ना मावशी! वडील परत यावेत म्हणून बसकडे बघून ती 'आई, आई' ओरडत राहिली."

शेजारीण तेव्हा धावत आली होती, 'सुरेखा, तुझी पोर तुला हाका मारती बघ!' आणि हसत हसत जाऊन सुरेखानं तिला मनगटाला धरून घरी ओढत आणलं होतं... देवा, देवा!

मग रूपा उठली. तिनं वेण्या सोडल्या, आणि आता ती स्वतः, मोठी रूपा, थेट आईकडे बघून हात हलवू लागली.

"आईला माझी भाषा कधी कळलीच नाही," मंतशा सांगत होती. "तिला कळलं असतं, तर वडील गेले हे तिनं मला नक्की सांगितलं असतं. तिचा दोष नाही. म्हणून आज मी तिला माफ केलं. नाटक संपलं की मी तिच्याबरोबर घरी जाणार आहे."

सभागृहात सगळ्यांनी टाळ्यांऐवजी हात उंच करून हलवले. चार वर्षं सुरेखा याच एका गोष्टीसाठी तळमळत होती, लेक घरी यावी, बस्स! आता फक्त मान हलवायची, डोळे पुसायचे आणि पोरीला घेऊन जायचं... कुणाला काही कळणार नव्हतं!

पण तिचं अंतःकरण तिला बसू देईना. खोट्यावर घेतलेली माफी पचली नसती. ती उठली, धडपडत पायऱ्या चढली आणि त्या शर्टासमोर जाऊन उभी राहिली.

दोन बोटं तिनं सोमनाथच्या खिशात घातली. आतून बिस्कीट काढल्यासारखं केलं, ते मोडलं, अर्धं रूपाच्या ओठांशी नेलं आणि अर्धं स्वतःच्या. कँटीनमध्ये चहाबरोबर मिळणारं बिस्कीट सोमनाथ लेकीसाठी खिशात घालून आणायचा, आणि रूपा त्यातलं अर्धं आईला द्यायची. ती खूण अशी पुरी होती. नाटकात रूपानं अर्धीच दाखवली होती.

रूपाचे हात हवेतच थांबले.

"सांग तिला, मंतशा," मागोमाग वर आलेल्या मंतशाला सुरेखा हुंदके देत म्हणाली. "सांग, मला कळत हुतं! पाणी कळत हुतं, भूक कळत हुती, ती बापाला विचारती तेबी कळत हुतं. बाईंचा नियम म्हणून मी कळत नाय असं दाखवलं... नाय, नियमाचं नाव नको. मलाच सांगवंना गं! तुझा बाप मेला, हे माझ्या हातानं मला सांगवंना, म्हणून मी त्या नियमाआड लपले. मला माफ करू नको, बाळा. घरी नाय आलीस तरी चालंल. पण तुझी भाषा कुणाला कळत नव्हती, असं समजू नको."

मंतशाचे हात रडत रडत ते सांगत गेले. रूपाचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं दोन्ही मुठी आईच्या खांद्यांवर आपटल्या, एकदा, दोनदा, आणि घशातून शब्द नसलेला एक हंबरडा फुटला. सुरेखा हलली नाही. तिनं मार झेलला. हळूहळू मुठी थकल्या आणि रूपा तिच्या पायाशी मटकन खाली बसली. पडदा पडला, लोक निघून गेले, तरी त्या दोघी तशाच होत्या.

जवळच थांबलेल्या मंतशाकडे वळून सुरेखानं भीत भीत विचारलं, "मंतशा, विचार तिला... बापाची खूण हुती, तशी माझी कोणती हुती? का मला नव्हतीच?"

रूपानं दोन्ही मनगटं एकमेकांवर ठेवली, बांधल्यासारखी, आणि मायेनं आपल्या छातीशी धरली.

सुरेखाला आठवलं. किती वेळा पोरीनं रडत रडत अशी मनगटं पुढं केली होती! तिला वाटायचं, लेक 'सोड मला' म्हणतेय. आणि बाईंचा नियम पाळायचा म्हणून ती तोंड फिरवायची. लेक तिला हाक मारत होती... सात वर्षांची लेक आईला हाक मारत होती!

"अगं माय..." एवढंच तिच्या तोंडून निघालं. तिनं आपली मनगटं तशीच एकमेकांवर ठेवली आणि लेकीपुढं धरली.

रूपा ओल्या डोळ्यांनी त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं आईची मनगटं हलकेच वेगळी केली, आणि तिचा उजवा हात हातात घेऊन एक एक बोट वाकवून आईची नवी खूण शिकवू लागली. कामानं ताठर झालेली ती बोटं पटकन वळेनात. रूपानं पुन्हा पहिल्यापासून दाखवलं.