पाच वाजताची कळ

"नकारपत्रावर सही करायची असेल तर आधी हा पट्टा बांधा. तीन मिनिटं. नियम आहे," डॉ. अरुंधती मगदूम म्हणाल्या. त्या आठवड्यात हे वाक्य त्यांनी अकराव्यांदा म्हटलं होतं, आणि आवाजावरून ते कळत होतं.

सांगलीच्या उपशमन केंद्राच्या तिसऱ्या मजल्यावरची ती छोटी प्रयोगशाळा. धनंजय चौगुले खुर्चीच्या कडेला अवघडून बसला होता, शेजारी त्याची बायको शलाका. काचेपलीकडच्या खोलीत धनंजयच्या आई, रत्नमाला, डोळे मिटून पडल्या होत्या. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर म्हणून उभ्याने काढलेली बाई. कर्करोग आता हाडांत उतरला होता आणि कूस बदलतानाही त्यांचे ओठ पांढरे पडत होते.

"मॉर्फिन नको एवढंच म्हणतोय मी," धनंजय म्हणाला. "सवय लागते. आणि ते सुरू झालं की लोक समजतात, आटोपलं."

"लोकांना दुखतंय का?"

"तसं नाही हो डॉक्टर. पण आईला संशय येईल. तिला आम्ही संधिवात सांगितलाय."

"संधिवात! आणि डोक्यावरचे केस गेले ते?"

"ती काही विचारत नाही."

डॉक्टरांनी छताकडे पाहिलं. "हे बघा, उपशमन म्हणजे हात टेकणं नव्हे. कुणाला इथं दोन वर्षं येता येतं, कुणाला दोन महिने. दुखणं आवरायचं, झोप लागू द्यायची, घरच्यांनाही धरून ठेवायचं, एवढंच काम. मोजून दिलेल्या मॉर्फिननं कुणी व्यसनी होत नाही. पण माझं बोलणं तुम्हाला पटणार नाही. सुहेल, पट्टा लाव."

वेदनासंवाहक हे यंत्र तयार करणारे अभियंते सुहेल मुजावर पुढे झाले. "आईंच्या कपाळावर एक पट्टा आहेच. त्यांच्या मेंदूत वेदनेची जी स्पंदनं उठतात, ती या पट्ट्यातून तुमच्या मेंदूत उठतील. दहावा हिस्सा फक्त. दोन्ही मेंदू एकमेकांशी जुळल्याशिवाय हे होत नाही, म्हणून मार्ग दुहेरी असतो. थोडं तुमचंही तिकडे जातं."

"माझं काय जाणार? मला काही दुखत नाही."

चाळिसाव्या सेकंदाला धनंजयनं खुर्चीचा हात इतका घट्ट धरला की बोटं पांढरी झाली. तीन मिनिटं संपल्यावर त्यानं नकारपत्र स्वतःच फाडलं.

मॉर्फिन सुरू झालं. तिसऱ्या दिवशी रत्नमालाबाई उशीला टेकून बसल्या आणि पेजेत मीठ कमी आहे म्हणून नर्सला बोलल्या. सगळ्यांना हायसं वाटलं.

पाच वाजताची गोष्ट लक्षात आली ती शलाकाच्या. चार वर्षांची मुलगी जुई तापली की आकडे लिहून ठेवायची तिला सवय होती, तशीच ती सासूबाईंचा वेदनालेख रोज बघायची. दिवसभर रेघ दहापैकी दोनच्या आसपास शांत. पाचला, भेटीची वेळ सुरू झाली की सहा, सात. साडेसहाला भेटणारे गेले की पुन्हा दोन. सलग नऊ दिवस.

"डोस वाढवा," धनंजय म्हणाला.

"परवा थेंब नको होता, आज बादली हवी!" डॉक्टर वैतागल्या. "मॉर्फिन हाडाच्या दुखण्यावर चालतंय. हे हाडाचं नाही."

"मग यंत्र बिघडलंय."

"यंत्र बरोबर आहे," सुहेल म्हणाले. "हाड दुखलं काय आणि जीव तुटला काय, ज्या भागाचं स्पंदन हा पट्टा वाचतो तो भाग दोन्ही वेळी तसाच पेटतो. पट्ट्याला फरक कळत नाही. ज्याला कळेल अशा माणसानं तो बांधायला हवा. बरोबर पाचला."

धनंजय पट्टा बांधून पुन्हा काचेअलीकडे बसला. शलाका आत गेली आणि ठरलेलं बोलली, "आई, डॉक्टर म्हणतात चार दिवसांत घरी. संधिवात आटोक्यात आहे."

"असं? बरं झालं बाई," रत्नमालाबाई हसून म्हणाल्या. "आणि जुईचा ताप?"

"उतरतोय."

बाहेर धनंजयचा गळा आवळला गेला. कुठं ठणका नाही, जळजळ नाही. घशाशी आलेलं काहीतरी आत दाबून चेहरा सरळ ठेवायचा, एवढंच. ते त्याच्या चांगल्या ओळखीचं होतं. महिनाभर रोज, आईच्या खोलीत शिरताना.

"हे माझंच आहे," तो म्हणाला. "यंत्र मला माझंच परत देतंय."

सुहेलनी पडद्यावर दोन लेख शेजारी ठेवले. "आत्ता तुमच्याकडून काही निघत नाहीये, हे सगळं आईंचं. पण सारखं आहे खरं. उजवा लेख आत्ताचा, आईंचा. हा डावा पहिल्या दिवसाचा. तुमच्याकडून त्यांच्याकडे गेलेला."

धनंजय लेखांकडे वाकला. डॉक्टर थांबल्या नाहीत.

"तीन मिनिटांत सगळं पोचवून मोकळे झालात तुम्ही. मुलगा घाबरलाय, काहीतरी दाबतोय, हे त्यांना शब्दांशिवाय कळलं. आता तो मोडू नये म्हणून त्या रोज पाचला तुमच्यासमोर हसतात. दोघंही एकमेकांना सांभाळताय, आणि सात अंकांची कळ त्या बाईला!"

धनंजय पट्ट्यासकटच उठला. पट्टा ओढला जाऊन तुटला. तो आत गेला, मागोमाग डॉक्टरही. त्यानं काही बोलण्याआधीच रत्नमालाबाईंनी त्याचा चेहरा पाहिला.

"झालं का नाटक संपून?" त्या म्हणाल्या. "विनातिकीट माणूस मी मागच्या सीटवरून ओळखायची रे धनू. संशय मला आधीपासून होता. पण तू इतका भ्यालायस, हे त्या दिवशी कळलं. मग म्हटलं, राहू दे."

"आई, मला वाटलं तुला..."

"मला एकानं तरी विचारलंत, काय पाहिजे म्हणून?" आता आवाज चढला. "माझी नात हवी मला! त्या दुपारच्या गोळीनं मात्र डोळा लागतो, ती आली तर जागी कशी राहणार? ती निम्मी करा डॉक्टर, दुखलं तर दुखू दे."

"मुळीच नाही," डॉक्टर म्हणाल्या. "सोसल्याचं बक्षीस कुणी देत नाही, मावशी. गुंगी चार-आठ दिवसांत कमी होते. तोवर गोळीच्या वेळा बदलू, नाही जमलं तर औषध बदलू."

"मग हे आधी का नाही सांगितलं?"

"तुमच्याशी तुमच्या दुखण्याबद्दल बोलायचं नाही, असं तुमच्या घरच्यांनी मला बजावलं होतं. आणि मीही ऐकलं. चूक माझीही आहे."

रत्नमालाबाईंनी शलाकाकडे मान वळवली. "खरं सांग. जुईला ताप आहे?"

"नाही आई. तिला वर का आणत नाही, याला कारण म्हणून ताप सांगितला. तिला सांगितलंय, आजी गावाला गेलीय. घरी एकटी कशी ठेवायची, म्हणून रोज बरोबर आणतो. खाली बाकावर असते, नोंदणीवरच्या काकूंजवळ."

"रोज?"

"रोज."

"खाली? या इमारतीत?"

पडद्यावरची रेघ आठवर गेली. तिच्याकडे कुणी पाहत नव्हतं.

"अगं मग माझ्या तोंडाकडे काय बघत उभी राहिलीस!" रत्नमालाबाई ओरडल्या, आणि शलाका लिफ्टची वाट न बघता जिन्याकडे धावली.