लुईझाचा उरलेला डोळा

कंदील जरा बारीक करा, पोरांनो, आणि ऐका. पाचूबंदरच्या जोसेफ तांडेलची ही गोष्ट. त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलेली, तेव्हा हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

१९५३ साल. नोव्हेंबरची दोन तारीख, सोमवार, मेलेल्यांचा सण. गाव कबरींवर मेणबत्त्या लावायच्या गडबडीत, आणि जोसेफ आईला, लुईझाला, बैलगाडीत घालून वसईच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघालेला. तिचा एक डोळा लहानपणीच देवीत गेलेला. उरलेल्यात मोतीबिंदू. "पिकला की आणा," असं डॉक्टरनं दोन वर्षांपूर्वीच बजावलं होतं. पण जोसेफ दर हंगामाला म्हणे, "पिकू दे अजून, आये. कच्चा कशाला काडायचा?" बोंबील किती वाळला ते नुसत्या वासावरून सांगणारा गडी, आईचा डोळा किती पिकला ते काही त्याला कळलं नाही. आता डोळा लालभडक, दगडासारखा टणक. तीन दिवस म्हातारी ओकत होती.

डॉक्टर भडकलाच. "जास्त पिकून फुगलाय. आतलं पाणी कोंडून काचबिंदू झालाय. आजच कापून काढायला हवा. वाचला तर नशीब!"

संध्याकाळी मोतीबिंदू निघाला. दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधली. "रात्रभर मान हलता कामा नये. हलली की डोळा गेला." जोसेफ उशाशी बसला, आईचं डोकं दोन्ही तळव्यांत धरून. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटत होती.

दोनच्या सुमारास त्याचा डोळा लागला.

जाग आली ती आईच्या खोकल्यानं. दिवा विझलेला. आणि हात... स्वतःच्या मांडीवर!

अंधारात त्यानं आईचं डोकं चाचपलं.

ते कुणीतरी धरलेलं होतं.

दोन हात. गार. ओले. दोर ओढून तळव्यांना पडलेले घट्टे...

दार आतून बंद होतं.

"आये..."

"गप. हलू नको," आई पुटपुटली. "तुजा बापूस दमलाय. पान्यातनं आलाय."

बापूस नऊ वर्षांपूर्वी होडीसकट बुडालेला. प्रेत मिळालं नाही. कबरच नाही, तर मेणबत्ती कुठं लावणार?

जोसेफ हलला नाही. उजाडेपर्यंत.

सकाळी डॉक्टरनं पट्टी सोडली. डोळा शाबूत. लुईझाला जोसेफ धूसर दिसला. तिनं खोलीभर नजर फिरवली आणि ती रडायला लागली.

डॉक्टर तिची कानशिलं पुसत होता. परत परत पुसत होता.

मिठाचे पांढरे ठसे. दहा बोटांचे.

पुढच्या वर्षी लुईझा गेली. बायकांनी तिला शेवटची आंघोळ घातली, तेव्हाही ते तिथंच होते...

ओले.