सोबत कोण आहे रे?

या, जवळ सरका. माझ्या ओळखीचा एक शिंपी होता, त्याच्या घरी घडलेलं सांगतो. गेल्या डिसेंबरातला दुसरा शनिवार. संध्याकाळी तो गिऱ्हाइकाचा कोट पोचवायला गेला आणि येताना नवं कुलूप घेऊन आला.

दाराला आधीच दोन कुलपं होती, वर साखळी. समोरची शेजारीण चिडवायची, "काका, आत आहे तरी काय एवढं? शिलाई मशीन आणि तुम्ही!"

"मशीन नेलं तर नेऊ दे गं," तो म्हणायचा, "पण या वयात मार सोसायचा नाही मला."

हसू नका पोरांनो. त्या गल्लीत दोन म्हाताऱ्यांना घरात घुसून मारलं होतं. अंधार पडला की घराघरांतून कड्यांचे आवाज यायचे.

बायको होती तेव्हा तिनेच एक युक्ती काढली होती. "कोण?" विचारलं की जो तो "मी" म्हणतो, चोरसुद्धा. म्हणून घरच्या माणसाने "काजबटण" म्हणायचं. तो शिवायचा, काजं-बटणं ती करायची, त्यावरून हा शब्द. काम संपलं की खाली पडलेले दोरे झाडून कोपऱ्यात गोळा करायची सवयही तिचीच. ठाऊक फक्त तिघांना. तो, ती, आणि लहानपणापासून त्यांनी वाढवलेला भाचा. पुढे ती गेली. भाचा नोकरीला बाहेर पडला, तो फारसा फिरकलाच नाही.

त्या रात्री शिंपी नुकताच आडवा झाला होता. दार वाजलं.

"कोण?"

"काजबटण."

भाच्याचा आवाज! म्हातारा लगबगीने उठला. "आलो रे, आलो! आधी कळवायचं नाही होय? जेवलास का?"

एक कुलूप काढलं. दुसरं. नवंही काढलं. साखळी सोडली. कडीला हात घातला...

मागे स्वयंपाकघरातून आवाज आला.

"सोबत कोण आहे रे?"

हात तिथेच थांबला. बोलता बोलता तोच किंचित खोकला... बायकोचाच.



दाराबाहेर कुणीतरी जाड आवाजात कुजबुजलं, "म्हातारा एकटाच असतो म्हणालास ना?"

"एकटाच असतो... ती... ती माझी मामी..."

"मग?"

"ती मेलीय."

जिन्यावरून पावलं धडधडत गेली.

"अगं..." म्हातारा अंधारात म्हणाला. "एकदा बोल ना..."

तो दाराला पाठ लावून उजाडेपर्यंत बसून राहिला. मला सांगत होता, "तिची भीती नाही वाटली रे. पण त्याला बोट धरून चालायला शिकवलं मी. त्याच्यासाठी तर सगळी कुलपं काढली..."

सकाळी नेहमीची कडी काढली, तरी दार उघडेना.

चौकटीत पार वर आणखी एक कडी होती. रंगाऱ्याने कधीकाळी तिच्यावरूनच रंग फासलेला, तेव्हापासून ती घट्ट बसलेली. कुणी वापरत नव्हतं. स्टुलावर चढल्याशिवाय म्हाताऱ्याचा हात तिथे पोचायचाही नाही.

ती लागलेली होती. शेवटपर्यंत सरकवलेली.

वाळल्या रंगाच्या खपल्या निघाल्या होत्या. पण दारात एकही पडलेली नव्हती. कुणीतरी त्या झाडून, कोपऱ्यात नीट गोळा करून ठेवल्या होत्या.