भिंतीवरची गोधडी

"साप!"

जिन्याच्या वरच्या पायरीवरून तो असा ओरडला की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. एका हातानं त्यानं व्हायोलिनची पेटी छातीशी आवळली होती, दुसऱ्यानं कठडा धरला होता, आणि उभा होता एकाच पायावर.

समोरचं दार उघडलं. ओठांत टाचण्या धरलेली एक मुलगी बाहेर आली. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग खाली, मग पुन्हा त्याच्याकडे. टाचण्या काढून बाहीला टोचल्या.

"तुडवलंत त्याला?"

"म्हणजे... तो जिवंत नाहीये?"

"चिंध्या भरल्यात त्यात." तिनं तो लांबलचक मखमली लोळा उचलून झटकला. एका टोकाला दोन काळी बटणं शिवलेली होती. "दाराखालच्या फटीतून वारा येतो ना, तो अडवायला. माप घेत होते, कात्री आणायला आत गेले, तेवढ्यात तुम्ही."

"पण... डोळे कशाला?"

"दिवसभर दाराशी पडून राहायचं बिचाऱ्यानं. कुणाकडे तरी बघायला नको?"

तो हसला. हसताना त्याचा दुसरा पाय हळूच जमिनीवर आला, आणि का कोण जाणे, तिला ते फार आवडलं.

शेजारच्या रिकाम्या खोलीत व्हायोलिनं दुरुस्त करणारा राहायला आलाय, हे तिच्या मावशीला त्याच दिवशी कळलं. मावशीनं त्याचं नावही ठेवलं: तुणतुणे. "अगं, त्या तुणतुण्यांच्या दाराला फट नाही का? त्यांनाही एक साप दे."

तिनं दिला. निळा. पैसे घेतले नाहीत.

"मग काय देऊ?" त्यानं विचारलं. त्याच्या हातांत बोटं कापलेले लोकरीचे मोजे होते. वाजवणाऱ्यांची ऐट असते एकेकाची, तिनं मनाशी म्हटलं.

"वाजवत जा. अधूनमधून."

"मी दुरुस्त करतो हो. वाजवणारे वेगळे."

"दुरुस्त झालं की नाही हे बघायला तरी वाजवता ना? तेवढं चालेल."

ती पडदे शिवायची. आई गेल्यावर मावशीनंच तिला वाढवलं, आणि आता मावशीला छातीचा त्रास होता. थंडी पडली की खोकला सुरू. मावशीचा मुलगा, तिचा दादा, दूरच्या उबदार शहरात होता. त्यानं एक भलामोठा हीटर पाठवला होता. "माझ्या लेकाची माया अशीच," मावशी म्हणायची, "पार्सलनं येते." तो हीटर लावला की विजेचं मीटर घोड्यासारखं उधळायचं, आणि बिल आलं की दोघींना घाम फुटायचा. ऊब म्हणायची तर तेवढीच! शेवटी दादानं फोनवर सांगून टाकलं, "महिनाअखेरच्या रविवारी येतोय. घर असंच गार असेल तर आईला घेऊन जाणार. तुझ्यावर राग नाही गं, पण तिचा खोकला ऐकवत नाही."

राग नाही, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तर भांडताही येईना.

मग तिनं कंबर कसली. खिडक्यांच्या पडद्यांना आतून जाड अस्तर लावलं. सकाळी ऊन आलं की पडदे दूर, ऊन कललं की बंद. मागची खोली बंद करून दोघी पुढच्या खोलीत झोपू लागल्या. भात अर्धाकच्चा उतरवून पातेलं जुन्या शालीत गुंडाळायची. तो आपोआप शिजायचा आणि गॅस वाचायचा. मावशीच्या पायाशी गरम पाण्याची बाटली. हीटर संध्याकाळी थोडा वेळ, बस.

आणि खरंच, घर उबदार राहू लागलं! त्यानं स्वतःकडचा तापमापक आणून भिंतीवर टांगला होता. त्यातला पारा बघायच्या निमित्तानं तो रोज डोकावायचा.

"आज कसा आहे?"

"पारा की मी?"

"पारा दिसतोच आहे," तो खाली बघत म्हणाला. "तुम्ही मात्र... वर चढत चाललाय." आणि स्वतःच्याच धाडसानं घाबरून तो चहा न घेताच पळाला.

"भित्रा आहे," मावशी म्हणाली. "पण डोळे बघितलेस? बटणासारखे."

खोकलाही कमी झाला होता. तिचं शिवणयंत्र आता न थांबता चालायचं, आणि पलीकडून एखादा लांब, कोवळा सूर यायचा. तो सूर ऐकताना तिची शिवण किंचित वाकडी जायची... ती उसवायची, पण नाराज व्हायची नाही.

दादा यायच्या आदल्या दिवशी, शनिवारी, तिनं शेवटचं काम केलं. सगळ्या हिवाळ्यात उरलेल्या तुकड्यांची एक प्रचंड गोधडी शिवली होती. मखमल, लोकर, फुलांचं सुती कापड. इतकं देखणं काही तिनं आजवर शिवलं नव्हतं. ती तिनं सर्वांत मोठ्या उघड्या भिंतीवर, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ठोकली. आता थंडीला शिरायला जागाच नाही!

दुपारनंतर पारा उतरू लागला.

तिनं पडदे तपासले. साप दाराशी नीट दाबला. पारा उतरतच होता. संध्याकाळी मावशीला खोकल्याची उबळ आली, आणि हीटर पूर्ण वाढवूनही खोलीची हुडहुडी जाईना. यंत्रावर तिची बोटं अडखळली, थांबली.

लगेच दारावर टकटक झाली.

"यंत्र का थांबलं?" तो धापा टाकत होता.

"उद्या दादा येणार, आणि घर... मला काही कळत नाही. एवढी गोधडी लावली तरी..."

त्यानं गोधडीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग जवळ जाऊन तिचं टोक उचललं आणि तळवा भिंतीवर टेकला. त्याचे कान लाल झाले.

"इकडे या. हात लावा."

तिनं लावला. भिंत उबदार होती. नुकत्याच उठलेल्या माणसाच्या उशीसारखी.

"ही बाहेरची भिंत नाही हो," तो हळूच म्हणाला. "पलीकडे... मी आहे."

"पण तुमचा हीटर तर तुमच्या कामाच्या टेबलाशी असतो. खिडकीजवळ. मी साप द्यायला आले तेव्हा पाहिला होता."

"तेव्हा होता."

"मग?"

"चाकं आहेत त्याला. इकडे सरकवला. वाद्यांसाठी खोली गरम ठेवावीच लागते, मग या भिंतीशी ठेवला काय, त्या ठेवला काय... आधी तुमचं यंत्र मध्येमध्ये थांबायचं. बोटं गारठली की थांबायचं, मला कळायचं ते. सरकवल्यापासून थांबत नाही."

तिची नजर त्याच्या हातांवर गेली. बोटं कापलेले मोजे. खिडकीजवळचं गार टेबल. ऐट नव्हती ती.

"सांगितलं का नाही?"

"तुम्ही नको म्हणाला असता."

"म्हणजे माझे पडदे, माझा साप... सगळं फुकट? ऊब तर तुमचीच होती!"

"छे!" तो पहिल्यांदाच मोठ्यानं बोलला. "ऊब काय, कुणीही पाठवेल. राखायची कशी ते मी तुमच्याकडे पाहिलं. तुमचे पडदे नसते तर माझी सगळी ऊब खिडकीतून केव्हाच उडाली असती. मी रोज पारा बघायला येत होतो ते... पारा बघायला नव्हतो येत हो."

कॉटवरून मावशी खोकत खोकत म्हणाली, "आधी ती गोधडी काढा रे. कौतुकं मागाहून करा."

गोधडी उतरली. आणि तिनं ती घडी न घालता तशीच उचलली, शेजारच्या खोलीत नेली आणि त्याच्या टेबलामागच्या गार, बाहेरच्या भिंतीवर ठोकली. तो नको नको म्हणत खिळे धरत राहिला.

रविवारी दादा आला. दारातच सापाला दचकला. आत आला, खुर्चीत बसला, आणि बोलता बोलता त्यानं कोट काढून मांडीवर ठेवला. ती श्वास रोखून बघत होती. थोड्या वेळानं स्वेटरही काढला.

"काय गं, हीटर तर बंद दिसतोय?"

"शेजार चांगला आहे," मावशी म्हणाली. "मी काही येत नाही बाबा तुझ्याकडे. तिकडे फार उकडतं."

दादा हसला आणि एकटाच परत गेला.

त्या संध्याकाळी ती यंत्रावर बसली. पलीकडे सूर लागत होता. शिवण सरळ चालली होती, बोटं चांगली उबदार होती, आणि तिनं यंत्र थांबवलं.

पलीकडचा सूर अर्ध्यावर तुटला. पावलं. टकटक.

"गारठलात?"

"बघा ना," म्हणून तिनं हात पुढे केला.

त्यानं तो दोन्ही हातांत घेतला. आज त्याच्या हातांत मोजे नव्हते.

"उबदार तर आहे," तो गोंधळून म्हणाला.

"हो. मग?"

"मग यंत्र का...?" आणि त्याला कळलं. तो हात सोडायचा विसरला. मग म्हणाला, "पुढच्या हिवाळ्यात... दोन घरं तापवण्यापेक्षा... म्हणजे मी बचतीचंच म्हणतोय..."

"बचतीचंच म्हणतोयस?"

"नाही," तो म्हणाला. "तुझंच म्हणतोय."

"अरे, दार!" आतून मावशी ओरडली. "सगळी ऊब चालली बाहेर! एक तर आत ये, नाहीतर जा!"

तो आत आला. त्याचा हात न सोडता तिनं पायानंच दार लोटलं, आणि सापाला फटीशी सरकवून दिलं.